यकृताचा जुना आजार आहे? हिपॅटायटिसची तपासणी आणि लस पुढे ढकलू नका

'मला फक्त फॅटी लिव्हर आहे, मला हिपॅटायटिसची लस कशाला?' 'सिरोसिस झालाच आहे, आता लस घेऊन काय होणार?' 'लहानपणी कावीळ होऊन गेली, म्हणजे आता धोका टळला ना?' यकृताचा जुनाट आजार असलेले वाचक आणि त्यांच्या घरची माणसे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. अनेकांच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे चार-चार रिपोर्ट असतात, पण हिपॅटायटिस बी आणि सी च्या चाचण्या कधी झाल्या, लसीचे किती डोस झाले, याची नोंद कुठेच सापडत नाही.

फॅटी लिव्हर, दारूमुळे झालेली इजा, ऑटोइम्यून आजार, जुना हिपॅटायटिस बी किंवा सी, कोणत्याही कारणाने झालेला सिरोसिस यांपैकी काहीही असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कोणत्या चाचण्या मागायच्या, रिपोर्ट कसा वाचायचा, लस कधी आणि कशी घ्यायची आणि तुमचे हक्क कोणते, हे इथे क्रमाने सांगितले आहे. डोस आणि औषधे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहेत.

तुम्हाला धोका जास्त का?

निरोगी यकृतात राखीव ताकद भरपूर असते. हिपॅटायटिस ए किंवा ई झाला तरी बहुतेक निरोगी माणसे काही आठवड्यांत बरी होतात. तुमचे यकृत त्या राखीव ताकदीवरच चाललेले असते. त्यावर नव्या विषाणूचा घाला पडला, तर पोटात पाणी होणे, शुद्ध हरपणे, यकृत निकामी होणे इथवर वेळ येऊ शकते. त्यातही लस शरीराला 'लागण्याची' क्षमता आजार वाढेल तशी घटत जाते. म्हणून लसीची खरी वेळ आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतानाची आहे. 'बघू पुढे' म्हणण्याने नुकसान तुमचेच होते.

आधी एवढेच समजून घ्या

- ए आणि ई दूषित पाणी आणि अन्नातून पसरतात.
- बी आणि सी रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो.
- डी फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यालाच होतो. बी ची लस घेतली की डी पासूनही बचाव होतो.
- आपल्याकडे सहज मिळणारी लस ए आणि बी साठीच आहे. सी ची लस नाही, पण तो औषधांनी पूर्ण बरा होतो. ई ची एक लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, परंतु आपल्याकडे ती सर्वसामान्य वापरात नाही.

'कावीळ' हे लक्षण आहे. ती कोणत्या विषाणूने झाली होती हे कळल्याशिवाय लहानपणच्या काविळीचा आधार घेऊ नका. ए होऊन गेला असेल तर बी पासून संरक्षण मिळत नाही. उलट बी आणि सी वर्षानुवर्षे डोळे पिवळे न करताही शरीरात राहू शकतात.

पहिली पायरी: नेमक्या चाचण्या नावाने मागा

लॅबमध्ये जाऊन 'काविळीची टेस्ट करा' म्हटले, तर बहुधा फक्त बिलिरुबिन तपासून मिळेल. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ही नावे लिहून घ्या:

1. एचबीएसएजी: हिपॅटायटिस बी चा विषाणू आत्ता शरीरात आहे का.
2. अँटी-एचबीसी टोटल: बी चा संसर्ग कधी तरी होऊन गेला आहे का.
3. अँटी-एचबीएस (टायटर): बी विरुद्ध संरक्षण आहे का आणि किती.
4. अँटी-एचसीव्ही: सी चा संसर्ग कधी झाला होता का. ही पॉझिटिव्ह आली तर एचसीव्ही आरएनए केलीच पाहिजे.
5. अँटी-एचएव्ही आयजीजी (किंवा टोटल): ए विरुद्ध संरक्षण आहे का.

इथे एक चूक नेहमी होते. ए साठी लॅब बऱ्याचदा आयजीएम करून देते. आयजीएम आत्ताचा, ताजा संसर्ग दाखवते. तुम्हाला हवे आहे ते जुने संरक्षण, म्हणजे आयजीजी. आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून 'ए ची तपासणी झाली' असे धरू नका.

दुसरी चूक लसीच्या वेळेची. बी ची लस टोचल्यानंतर दोन-तीन आठवड्यांपर्यंत एचबीएसएजी तात्पुरती पॉझिटिव्ह दिसू शकते, कारण लसीत तोच घटक असतो. म्हणून रक्त आधी द्या, लस नंतर टोचून घ्या.

बी चा रिपोर्ट हातात आला की

यादीतल्या पहिल्या तिन्ही चाचण्या एकत्र वाचायच्या असतात. एकीवरून निष्कर्ष काढला की गोंधळ होतो.

- तिन्ही निगेटिव्ह: संसर्ग नाही, संरक्षणही नाही. लस घ्या.
- फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: लसीमुळे संरक्षण मिळाले आहे. आकडा जपून ठेवा.
- अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह, एचबीएसएजी निगेटिव्ह: संसर्ग होऊन गेला आणि शरीराने तो आटोक्यात आणला. लसीची गरज नाही, पण ही नोंद महत्त्वाची आहे.
- फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह: याचे अर्थ एकाहून जास्त निघतात. डॉक्टर एचबीव्ही डीएनए करायला सांगतील किंवा लस देऊन प्रतिसाद पाहतील.
- एचबीएसएजी पॉझिटिव्ह: संसर्ग आत्ता आहे. बी ची लस उपयोगाची नाही, पुढची तपासणी लागेल.

अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्यांनी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. विषाणूचा अंश यकृतात दबून राहिलेला असतो. केमोथेरपी, दीर्घकाळ स्टेरॉइड, रिटुक्सिमॅबसारखी औषधे सुरू झाली की तो पुन्हा डोके वर काढू शकतो. कर्करोगाच्या, संधिवाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा रिपोर्ट आपणहून दाखवा. आधीच कळले तर संरक्षक गोळी वेळेवर सुरू करता येते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

*हिपॅटायटिस बी:* एचबीव्ही डीएनए, एचबीईएजी, लिव्हर फंक्शन, शक्य असल्यास फायब्रोस्कॅन आणि डी ची चाचणी अशी तपासणी होते. प्रत्येकाला लगेच औषध लागतेच असे नाही, पण सिरोसिस असेल आणि रक्तात विषाणू सापडला, तर उपचार लांबवून चालत नाही. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही रोजची एक गोळी असते आणि ती बहुधा अनेक वर्षे चालते. बरे वाटते आहे म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून ती परस्पर बंद करू नका. औषध अचानक थांबल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झालेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत.

*हिपॅटायटिस सी:* अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच असे नव्हे. काही जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो. आरएनए पॉझिटिव्ह आली तर मात्र उपचार घ्या. सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेल्पाटास्व्हिर या गोळ्यांचा कोर्स साधारण १२ आठवड्यांचा असतो. सिरोसिस पुढे गेला असेल तर औषधांची जोडणी किंवा कालावधी बदलतो. दहांपैकी नऊहून अधिक जण बरे होतात. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायची. ती निगेटिव्ह आली की तुम्ही बरे झालात.

बरे झाल्यावरही अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्हच येत राहते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत तेवढ्यावरून कोणी घाबरवू नये, म्हणून आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट सोबत ठेवा. आणखी एक: सी चा उपचार सुरू करण्यापूर्वी बी ची तपासणी झालेली असलीच पाहिजे. दोन्ही विषाणू असतील तर सी हटल्यावर बी उसळू शकतो.

सिरोसिस झाला असेल, तर सी बरा झाला किंवा बी आटोक्यात आला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही.

दुसरी पायरी: बी ची लस

लहान बाळांच्या सरकारी लसीकरणात बी ची लस देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. त्यामुळे आजच्या बहुतेक मोठ्या माणसांना ती बालपणी मिळालेली नाही. 'लहानपणी सगळ्या लसी घेतल्या होत्या' या आठवणीवर विसंबू नका.

- नेहमीचे वेळापत्रक: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. मोठ्यांचा नेहमीचा डोस २० मायक्रोग्रॅम.
- सिरोसिसमध्ये प्रतिसाद कमी मिळतो, म्हणून अनेक यकृततज्ज्ञ ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे दुप्पट डोस देतात. डायलिसिस चालू असेल तर दुप्पट डोसाचे चार टप्पे असतात: पहिला, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी.
- प्रत्यारोपणाची वेळ जवळ आली असेल तर डॉक्टर वेळापत्रक आवळून देतात. तुम्ही स्वतः अंतर कमी करू नका.
- मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. जिथे थांबलात तिथून पुढे घ्या.

दुसऱ्या पायरीतच: ए ची लस

आपल्याकडे पूर्वी बहुतेकांना बालपणीच नकळत ए होऊन जायचा आणि जन्मभराचे संरक्षण मिळायचे. शुद्ध पाणी आणि बंदिस्त गटारे असलेल्या भागात वाढलेल्या तरुण पिढीला ते मिळालेले नसते. म्हणून आधी आयजीजी चाचणी करा. पॉझिटिव्ह आली तर लसीचा खर्च वाचला. निगेटिव्ह आली तर लस घ्या.

बाजारात दोन प्रकार मिळतात: मृत विषाणूची लस, जिचे दोन डोस सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने घेतात, आणि जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची एका डोसची लस. यकृताचा जुना आजार असेल तर मृत विषाणूची लस मागा. स्टेरॉइड, प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा केमोथेरपी चालू असेल तर जिवंत लस टाळायची असते. 'एकाच डोसात काम होतं' हे ऐकून मेडिकलमधून जी मिळेल ती आणू नका. कुपीच्या खोक्यावर प्रकार लिहिलेला असतो, तो डॉक्टरांना दाखवून मगच टोचून घ्या.

तुम्ही एचबीएसएजी पॉझिटिव्ह असाल किंवा सी साठी उपचार घेत असाल, तरी ए ची लस तुमच्यासाठी तितकीच गरजेची आहे.

टोचून घेताना काय पाहायचे?

- जागा: मोठ्यांनी बी ची लस दंडावरच घ्यावी. कमरेखाली टोचली तर चरबीत अडकून परिणाम घटतो.
- प्लेटलेट कमी असतील तर: सिरोसिसमध्ये हे नेहमी आढळते. एवढ्यावरून लस नाकारायची नसते. टोचणाऱ्या परिचारिकेला आधीच सांगा. २३ नंबरची किंवा त्याहून बारीक सुई वापरून, टोचल्यावर कापसाचा बोळा किमान दोन मिनिटे घट्ट दाबून धरायचा. चोळायचे नाही, चोळले की रक्त साकळते.
- थंडावा: या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. बी ची लस गोठली तर वाया जाते. मेडिकलमधून दवाखान्यापर्यंत नेताना कुपी थेट बर्फाला टेकू देऊ नका, वर्तमानपत्रात गुंडाळून मग आइसपॅकसोबत पिशवीत ठेवा. घरी ठेवावी लागली तर फ्रीजरमध्ये नको, दारातही नको, मधल्या कप्प्यात ठेवा. जमले तर जिथे टोचणार तिथूनच लस घ्या.
- सुई: नवी, सीलबंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. सुईबद्दल विचारायला संकोच करू नका.
- नंतरचा ताप किंवा दुखणे: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला एकूण दोन ग्रॅमच्या आत, आणि दारू पूर्ण बंद.

तिसरी पायरी: लस लागली का, ते तपासा

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. तीन डोस झाले, कार्ड भरले, विषय संपला असे वाटते. निरोगी तरुणांत दहांतल्या नऊहून जास्त जणांना पुरेसे संरक्षण मिळते, सिरोसिसमध्ये हे प्रमाण बरेच घसरते. म्हणून शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करा.

- आकडा १० किंवा त्याहून अधिक आला तर लस लागली.
- १० च्या खाली आला तर डॉक्टर दुसरा पूर्ण कोर्स देतात, बहुधा दुप्पट डोसाने. त्यानंतर पुन्हा टायटर.
- तरीही १० च्या खालीच राहिला, तर तुम्हाला बी पासून संरक्षण नाही असे समजून वागा. संसर्गित रक्ताशी संपर्क आला, सुई टोचली, तर लगेच, शक्यतो २४ तासांत, डॉक्टरांकडे जा. अशा वेळी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले जाते.
- डायलिसिस चालू असलेल्यांनी टायटर दर वर्षी पाहावा आणि घसरला तर बूस्टर घ्यावा.

ए च्या लसीनंतर अशी तपासणी सहसा करावी लागत नाही.

याच वेळी डॉक्टरांशी फ्लूची दर वर्षीची लस आणि न्यूमोकोकल लस यांबद्दलही बोला. सिरोसिसच्या रुग्णांत न्यूमोनिया झपाट्याने बिघडतो.

घरच्यांनी काय करायचे?

घरात एक जण एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाला, तर पती किंवा पत्नी, मुले, भावंडे आणि आई यांचीही तपासणी करा. निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका ताटात वाढल्याने बी किंवा सी पसरत नाही. भांडी वेगळी काढू नका, नातवंडांना दूर ठेवू नका. वस्तरा, दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि रक्तातील साखर तपासण्याची सुई मात्र प्रत्येकाची वेगळी हवी. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सलूनमध्ये नवे ब्लेड लावायला सांगा. जत्रेत गोंदवून घेणे टाळा.

गर्भवती स्त्री एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर घाबरून जाऊ नका, पण बाळंतपण रुग्णालयातच करा. बाळाला जन्मल्यावर लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, बी ची लस आणि शक्यतो १२ तासांत प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळायला हवे. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर शेवटच्या तिमाहीत तिला गोळी देतात. आई बाळाला अंगावर पाजू शकते.

ज्याची लस नाही, त्यापासून जपणूक

ई साठी पाणी हाच बचाव. २०१२ साली इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यातून हिपॅटायटिस ई ची साथ पसरली होती. अशा साथीत गर्भवती स्त्रिया आणि यकृताचे जुने रुग्ण सर्वांत आधी अडचणीत येतात. नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी येऊ लागले, पाइपलाइन फुटल्याची बातमी आली, टँकर सुरू झाला, की पाणी खळखळून उकळूनच प्या. पावसाळ्यात उघड्यावरची पाणीपुरी, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस टाळा. वारीला किंवा जत्रेला जाताना पाण्याची सोय स्वतः करा.

सी साठी: २००२ च्या आधी रक्त चढवले गेले असेल, वारंवार इंजेक्शने किंवा सलाइन घेतले असेल, डायलिसिस झाले असेल, तर एकदा अँटी-एचसीव्ही नक्की करून घ्या.

तुमचे हक्क आणि सरकारी सोय

- २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाचे उपचार केंद्र कुठे आहे ते विचारा. जाताना ओळखपत्र आणि जुने रिपोर्ट न्या.
- तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. खाटेवर किंवा फाइलच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' लिहून लटकवले असेल तर ते काढायला सांगा.
- वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत तुमच्या वैद्यकीय नोंदी मिळायला हव्यात. अर्ज लेखी द्या, प्रत ठेवा.
- बी किंवा सी आहे म्हणून शस्त्रक्रिया, दात काढणे किंवा बाळंतपण टाळण्याला वैद्यकीय आधार नाही. संसर्ग टाळण्याची काळजी प्रत्येक रुग्णाबाबत घ्यायचीच असते. नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे तक्रार करा.
- तुमचीही जबाबदारी आहे: दंतवैद्याला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आजार सांगा आणि रक्तदान करू नका.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा

1. माझ्या पाचही चाचण्या झाल्या आहेत का? कोणती राहिली?
2. मला बी ची लस लागते का? डोस २० चा की ४० चा?
3. ए ची लस लागते का? मृत विषाणूचीच देणार ना?
4. टायटर कोणत्या तारखेला करायचा?
5. घरच्यांपैकी कोणाची तपासणी करायची?

उत्तरे एका कागदावर तारखांसह लिहून घ्या आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा. त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. अचानक रुग्णालयात न्यावे लागले, तर त्या एका कागदावरून नव्या डॉक्टरांना तुमचे अर्धे काम झालेले दिसेल. भेट ठरलेली नसेल तर या आठवड्यातच ठरवा. यकृतात जोर आहे तोवर घेतलेली लसच तुम्हाला सर्वांत जास्त साथ देते.